अमूर्त, स्थिर आणि चल : मुंबईतील एका खंडित पर्वाविषयी

बंगळूरच्या जयनगर भागातील एका लहानशा कलादालनात अमूर्त चित्रे आणि व्हिडिओ यांचे एकत्र प्रदर्शन पाहण्याचा योग आला. बाहेरच्या उजेडाच्या खोलीत कॅनव्हास टांगलेले, आतल्या काळोख्या खोलीत भिंतीवर रंगांचे पट्टे सरकत होते. दोन्हींत ओळखीची आकृती कोठेही नव्हती. प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या कन्नड पत्रकात ‘अमूर्त’ हा शब्द मात्र केवळ बाहेरच्या चित्रांना लावलेला होता. आतल्या खोलीच्या वाट्याला ‘व्हिडिओ’ एवढे माध्यमाचे नाव आले होते. मराठी पत्रक असते तर त्यातही हेच घडले असते, असे मला वाटते. ही विभागणी कोठून आली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईकडे वळावे लागते. मी साहित्याचा अभ्यासक आहे. चित्रकलेविषयीचे माझे विवेचन शब्दाच्या वाटेनेच होणार, हे आधीच सांगितलेले बरे.

‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या शब्दाच्या लॅटिन मुळात ‘ओढून बाजूला काढणे’ ही क्रिया आहे. त्याला पर्याय म्हणून आपण स्वीकारलेल्या ‘अमूर्त’ या शब्दात क्रिया नाही, केवळ अभाव आहे. परंतु या शब्दालाही पूर्वेतिहास आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्माची मूर्त व अमूर्त अशी दोन रूपे सांगितली आहेत. मूर्त ते मर्त्य आणि स्थित. अमूर्त ते अमृत आणि गतिमान. वायू आणि अंतरिक्ष ही अमूर्ताची तेथील उदाहरणे होत. म्हणजे परंपरेने अमूर्ताला चल मानले होते. आपल्या चित्रसमीक्षेने त्यातील अमृतत्व तेवढे उचलले आणि गती सोडून दिली.

याचा ठळक पुरावा म्हणजे वासुदेव गायतोंडे यांच्याविषयीचे लेखन. 1924 साली नागपुरात जन्मलेले, 1948 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतलेले आणि 1972 मध्ये दिल्लीला गेलेले गायतोंडे मराठी लेखनात बहुधा ध्यानस्थ योग्याच्या रूपात भेटतात. मौन, शून्य, निर्गुण हे शब्द त्यांच्याभोवती इतके जमले आहेत की चित्र दिसेनासे व्हावे. स्वतः गायतोंडे यांना ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ हे विशेषण मान्य नव्हते. ते आपल्या चित्रांना ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा त्याचा जवळचा मराठी पर्याय, पण तो रुळला नाही. त्यांची कार्यपद्धती पाहिली तर तीत स्थिरतेपेक्षा कालक्रमच अधिक दिसतो. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, काही खरवडून काढायचे, फाडलेल्या कागदाचे तुकडे ठेवून रंग उचलायचा, आणि पुढच्या थरापूर्वी वाट पाहायची. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. अशा चित्रात काळ साठलेला असतो, आणि पाहणाऱ्याला तो हळूहळू उलगडावा लागतो.

गायतोंडे मुंबईत असतानाच, 1969 ते 1972 या काळात, अकबर पदमसी यांनी व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप हा उपक्रम चालवला. जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्तीचा पैसा त्यांनी स्वतःच्या चित्रांवर न खर्चता कॅमेरा, एचिंगचे यंत्र आणि एकत्र काम करण्याची जागा यांवर खर्चला. चित्रकारांबरोबर मणी कौल आणि कुमार शहानी यांच्यासारखे चित्रपटकारही तेथे येत. चित्रकाराने कॅमेरा हाती घेण्याची ही पहिली वेळ नव्हती. पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ला 1967 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले होते, आणि तय्यब मेहता यांचा ‘कूडल’ 1970 चा. पण हे दोन्ही लघुपट फिल्म्स डिव्हिजनचे होते आणि दोहोंत ओळखता येणारे जग होते. पदमसींच्या ‘सिझिजी’त ते नाही. त्यात रेषा आणि बिंदू एकमेकांपासून निघतात, जुळतात, विस्कटतात. पदमसींच्या रेखाचित्रांना राम मोहन यांनी गती दिली. ध्वनी नाही, कथा नाही.

‘सिझिजी’ हे नाव खगोलशास्त्रातील आहे. सूर्य, चंद्र, पृथ्वी यांसारखे तीन गोल एका रेषेत येणे हा त्याचा अर्थ. याच सुमारास, 1970 पासून, पदमसींनी ‘मेटास्केप’ ही चित्रमालिका सुरू केली. तिच्यात सूर्य आणि चंद्र एकाच चित्रात येतात, आणि त्याचे मूळ त्यांनी शाकुंतलाच्या नांदीत असल्याचे सांगितले आहे. त्या नांदीत कालिदासाने शिवाच्या आठ प्रत्यक्ष तनू सांगताना सूर्य आणि चंद्र यांची नावे घेतलेली नाहीत. काळाचे विधान करणारी दोन एवढेच म्हटले आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावे. रूप दाखवायचे, नाव वगळायचे आणि कार्य सांगायचे, ही नांदीची रीत पदमसींनी रंगात आणली. आणि काळ हाच विषय असल्याने तीच जिज्ञासा त्यांना चलत्पटाकडेही घेऊन गेली असावी, असे म्हणण्यास जागा आहे. कॅनव्हास आणि फिल्म ही एकाच प्रश्नाची दोन अंगे होती.

त्यांतले एक अंग टिकले. 1952 मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी काय, 1963 मधील केमोल्ड आणि पंडोल काय, भिंत हाच त्यांचा आधार होता. जहांगीरमध्ये आठवडाभरासाठी भिंत मिळते. तेवढ्या दिवसांत चित्रे लावायची, दाखवायची, जमल्यास विकायची. उजेड हवा, माणसांची ये-जा हवी. सोळा मिलिमीटरच्या फिल्मला नेमके उलटे लागते : काळोख, प्रोजेक्टर, तो चालवणारा माणूस, आणि ठरल्या वेळी बसणारा प्रेक्षक. शिवाय ती विकत कोण घेणार? मालकी नाही म्हणून जपणूक नाही, आणि जपणूक नाही म्हणून इतिहास नाही. पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्या फिल्मची एकच प्रत होती; तीही हरवली. या कार्यशाळेतील तरुण नलिनी मलानी यांनी 1969 मध्ये पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीवर रंगीत उजेड टाकून ‘ड्रीम हाउसेस’ केली. पुढे 1976 मधील कृष्णधवल चित्रणाशी जोडून ती ‘युटोपिया’ या दुहेरी प्रक्षेपणात आली. तिला मोठा प्रेक्षक लाभायला काही दशके जावी लागली.

दरम्यान व्हिडिओ आला, तो नवे माध्यम म्हणून. खुद्द मलानी यांची 1998 ची ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ ही व्हिडिओ मांडणी मंटोच्या कथेवरून नाव घेते. फाळणी आणि अणुचाचण्या हे तिचे विषय. तिचे मोल निर्विवाद आहे. पण दालनाच्या काळोख्या खोलीत हलती प्रतिमा शिरली ती कथेचा, साहित्याचा हात धरून, हे आपल्यासारख्यांनी जरा संकोचानेच नोंदवले पाहिजे. कथा नसलेल्या हलत्या प्रतिमेला नाव देण्याची वेळ आली, तेव्हा ‘अमूर्त’ हा शब्द आधीच भिंतीवर टांगला गेला होता. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014 मध्ये गायतोंडे यांचे सिंहावलोकन भरवले. त्याच्या शीर्षकात चित्र ही प्रक्रिया आहे असे स्पष्ट म्हटले होते. आपल्याकडील बोलण्यात मात्र लिलावातील कोटींचे आकडेच अधिक आले.

हरवलेल्या ‘क्लाउड चेंबर’कडे 2016 मध्ये आशिम अहलुवालिया वळले. ऐंशी ओलांडलेल्या पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीच्या आधारे त्यांनी ती फिल्म पुन्हा घडवली आणि त्याच नावाचा लघुपट केला. मराठी वाचकाला येथे लीळाचरित्र आठवल्याशिवाय राहणार नाही. म्हाइंभटांची मूळ प्रत घाल्यात नाहीशी झाली आणि पंथीयांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. तेथे निरनिराळ्या स्मरणांचे पाठ उरले, त्यांतील भेद ताडून पाहता आले, आणि त्यावर आपल्याकडे पाठचिकित्सेची शिस्त उभी राहिली. येथे आठवणारा एकच होता, आणि तोच कर्ताही. साडेचार दशके चित्रे काढत राहिलेल्या त्याच्या डोळ्याने 1969 ची फिल्म आठवली की 2016 ची रचली, हे ताडून पाहायला दुसरा पाठ नाही. जानेवारी 2020 मध्ये पदमसी गेले.