शिवारावरून होडी

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. भीमाकाठची गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. करमाळा अन् इंदापूर तालुक्यांच्या सोयरिकींमधी पाणी आलं. कुगावहून कळाशीला जायचं तर होडी, नाहीतर लांबचा वळसा.

थोरल्या भावाची होडी बारा वर्षं काठावर पालथी पडली होती. यंदा मी फळ्या बदलल्या, फटी डांबरानं बुजवल्या, विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवलं. हँडल मारलं, धूर निघाला, होडी हलली. मधोमध आलो तशी आई म्हणाली, "विंजान बंद कर, लेका. खाली आपलं शिवार हाय." तिनं ओंजळभर ज्वारी पाण्यात सोडली.

त्याच पाण्यावर सोलापूर जिल्ह्यात ऊस उभा राहिला, कारखाने आले, हे खरंच. त्या उसाची किंमत आमच्या घरानं आधीच दिली होती.