दादासाहेब फाळके : पंचवटीच्या शहरातील कलागुरू

१/ परंपरा सीताहरणाची कथा नाशिकच्या पंचवटीशी जोडते. त्याच नाशकात धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१३ मध्ये आपला चित्रपटांचा कारखाना आणला. ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्याआधीचे त्यांचे प्रदीर्घ शिक्षण मात्र फारसे सांगितले जात नाही.

२/ जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री. १८८५ मध्ये धुंडिराज मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात रंगचित्रण, मूर्तिकाम, वास्तुरचना आणि छायाचित्रण शिकले.

३/ मग गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम, पुढे स्वतःचा छापखाना. शिवाय ‘प्रोफेसर केळफा’ या उलटवलेल्या नावाने जादूचे प्रयोग! भागीदारांशी मतभेद झाले आणि छापखानाही सुटला. चाळिशीतल्या या माणसाला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हीच म्हण लागू पडावी, अशी ही स्थिती होती.

४/ १९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहिला आणि त्या चिंध्यांचे वस्त्र झाले. देखाव्यांना चित्रकार हवा, फिल्म धुण्यास रसायनांचा जाणकार, चमत्कारदृश्यांना जादूगार. फाळके यांच्या ठायी हे सारे एकवटले होते.

५/ विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. परंतु हाताशी शिकलेली माणसे नव्हती. म्हणून त्यांना शिक्षक व्हावे लागले. पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोके पाडण्यास आणि ती धुण्यास शिकल्या. उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी तो मुंबईत प्रदर्शित झाला.

६/ १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पंचवटीतून हरण झालेली सीता पंचवटीच्याच शहरातील कारखान्यातून पडद्यावर अवतरली.

७/ चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा लघुपटही त्यांनी केला. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली त्यांची कन्या मंदाकिनी. आरंभी ती आपल्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखवते आणि मगच कृष्णरूपात येते. कलेमागची शिकवण लपवण्याऐवजी त्यांनी ती पडद्यावर मांडली.

८/ १९१८ मध्ये भांडवलदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान फिल्म्स कंपनी उभी राहिली, पण तेथेही मतभेद झाले. पुढे बोलपटांनी मूकपटांचा काळ संपवला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांचे निधन झाले. संपत्ती त्यांच्या हाती टिकली नाही. मात्र त्यांनी आरंभलेला व्यवसाय पुढे असंख्य कारागिरांचे जीवन झाला.