लूनाच्या प्लगपासनं टर्बोच्या प्लगपर्यंत

या पेजवर मी भात, भुईमूग, आलं यावरच लिहितो. पण मागं पुतण्याच्या गाडीचं इंजिन उघडलं, तो फोटो टाकला होता. त्याखाली बऱ्याच जणांनी विचारलं की प्लगमुळं पिस्टन वितळतो कसा. दोन ओळीत सांगता येईना, म्हणून मुळापासनं लिहितो.

आपल्या भागात इंजिन म्हणजे डिझेल. विहिरीवरचं किर्लोस्कर, नाहीतर लिस्टर. त्यात ठिणगीचा प्लग नसतोच, दाबानं हवा तापते आणि डिझेल पेटतं. जीपला असतो तो हीटर प्लग, तो फक्त थंडीत चालू करताना तापवायला. त्यामुळं टर्बो आपल्याला डिझेल गाडीवरनं माहीत झाला, आणि टर्बोचा आणि ठिणगीच्या प्लगचा संबंध आपल्या डोक्यातच नव्हता.

ठिणगीनं पेटवायची युक्ती मात्र डिझेलपेक्षा जुनी. लेन्वारनं 1860 ला गॅसच्या इंजिनात ठिणगी वापरली. भरवशाचा प्लग आला 1902 ला, बॉश कंपनीच्या होनोल्डनं जास्त व्होल्टचा मॅग्नेटो केला तेव्हा. प्लगची खरी परीक्षा विमानात झाली. तिथं इंजिनात हवा दाबून भरायची, म्हणजे उष्णता भयंकर. मधलं इन्सुलेशन बरीच वर्षं अभ्रकाचं असायचं, आणि अभ्रक जगाला पुरवायचा आपला देश, कोडरमा भागातला. पुढं पेट्रोलमध्ये शिसं आलं, त्यानं अभ्रक खराब व्हायला लागला. मग ॲल्युमिनाची भाजलेली चिनीमाती आली. आजही पांढरं दिसतं ते तेच.

आता मुख्य गोष्ट. प्लग गरम का थंड, याचा ठिणगीशी काही संबंध नाही. आतलं पांढरं नाक लांब असलं तर उष्णता बाहेर जायला वाट लांब, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड असलं तर उष्णता लगेच हेडमध्ये उतरते, तो थंड प्लग. टोक साधारण 450 ते 500 अंशाच्या वर गेलं तरच काजळी जळून जाते. आणि 900 च्या आसपास गेलं की टोकच निखारा होतं, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टन वर येत असतो आणि वरनं स्फोट त्याच्या डोक्यावर. पिस्टन तिथं मरतो.

काजळीचा अनुभव आमच्या पिढीला भरपूर. फिरोदियांची लूना 1972 ला आली. 50 सीसी, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं. पाटणच्या बाजाराला डबलसीट, हळू हळू. प्लग कधी तापायचाच नाही, काळा कुळकुळीत व्हायचा. खिशात एक जादा मायकोचा प्लग आणि पॉलिश पेपर असल्याशिवाय कोण बाहेर पडत नव्हतं. गॅप मोजायला गेज कुणाकडं होतं? एक्सॉ ब्लेड आत सरकलं की झालं. ते पातं साधारण 0.6 मिलिमीटरचं, त्या इंजिनाला चालून जायचं.

मायको म्हणजे बंगळुरूची 1951 ची कंपनी, बॉशचीच. 2008 पासनं तिचं नावही बॉश झालं. तिच्या जुन्या प्लगवर डब्ल्यू 145, डब्ल्यू 175, डब्ल्यू 225 असे आकडे असायचे. चाचणीच्या इंजिनात प्लग निखारा व्हायला किती वेळ टिकतो, त्यावरनं तो आकडा निघालेला. म्हणजे आकडा मोठा तेवढा प्लग थंड. पुढं त्यांनी पद्धत बदलली, एक-दोन अंकी आकडे आले, आणि दिशा उलटी झाली. आता त्यांचा आकडा लहान तेवढा प्लग थंड. जपानच्या एनजीके आणि डेन्सोचं मात्र मोठा आकडा म्हणजे थंड. एनजीकेचा 7 म्हणजे बॉशचा साधारण 5 किंवा 6. एनजीकेचा 5 म्हणजे बॉशचा 8. एकाच कपाटात दोन्ही डबे शेजारी असतात, आणि घोळ तिथंच होतो.

टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीची, पेटंट 1905 चं. विकायच्या पेट्रोल गाडीत टर्बो आला अमेरिकेत 1962 ला, आपल्या पोफळीला कोयनेची वीज सुरू झाली त्याच साली. त्यातली ओल्ड्समोबिल जेटफायर उष्णतेला एवढी घाबरायची की आत पाणी-मेथनॉल फवारायची व्यवस्था होती. लोक ते भरायचे विसरायचे. आपल्याकडं चाकणची पोलो जीटी टीएसआय 2013 ला, टाटांची झेस्ट 2014 ला, रांजणगावची नेक्सॉन 2017 ला. म्हणजे गावात हे इंजिन येऊन फार वर्षं झाली नाहीत, आणि मेकॅनिकचा हात अजून लूना-स्प्लेंडरवर बसलेला.

पुतण्यानं जुनी टर्बो पेट्रोल घेतली. चिपळूणवरनं कुंभार्ली चढताना चार माणसं आणि डिकीत माल असला की गाडी झटके द्यायची, मिसिंग. सपाटीला काही नाही. हे गॅपचं लक्षण. 1889 ला पाशेन नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की हवेचा दाब आणि अंतर वाढलं की ठिणगीला व्होल्टही जास्त लागतात. टर्बो घाटात हवा दाबतो, गॅप मोठी असली तर ठिणगी पडत नाही, कॉइलवर ताण येतो. साध्या इंजिनाला 1.0-1.1 चालते, टर्बोला बहुतेक 0.7-0.8. त्याच्या गाडीत 1.1 निघाली.

गॅप कमी करायला एका गॅरेजला गेलो. ते म्हणाले प्लगच बदला, आणि घाट असतो तर एक नंबर थंड घ्या. सल्ल्यात दम होता. जुना सातचा, मोठा आकडा थंड या पद्धतीचा. त्यांनी दुसऱ्या कंपनीचा आठचा दिला, एक आकडा वर. मीच शेजारी उभा होतो, मान डोलावली. तो थंड नव्हताच, दोन पायऱ्या गरम होता. एका पायरीला टोकाच्या तापमानात 70 ते 100 अंशांचा फरक पडतो, हिशेब तुम्हीच करा. गॅप बरोबर असल्यामुळं गाडी झकास पळाली, म्हणून संशयही आला नाही. चढाला बारीक खडखड यायची, आम्ही पेट्रोलला नावं ठेवली. चार महिन्यांनी घाटात धूर. प्लग काढला तर नाक पांढरंफट्ट, त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी. ते मणी पिस्टनचे. भुईमुगाची पट्टी गेली म्हणा.

विचारणाऱ्यांसाठी एवढंच: इंजिनात काही बदल केला नसेल तर पुस्तकातलाच नंबर घाला, उगाच थंड घालू नका. नुसतं बाजाराला फिरणाऱ्या गाडीत थंड प्लग लूनासारखा काळा होईल. कुणी ट्यूनिंग करून ताकद वाढवली असेल तर एक पायरी थंड. दुसऱ्या कंपनीचा घेताना आकडा बघू नका, जुळणीचा तक्ता मागा. इरिडियमच्या प्लगला पॉलिश पेपर लावायचा नाही, मधली तार केसासारखी असते, गेज तिरकं घातलं तरी मोडते. आणि प्लग काढल्यावर रंग बघा. चहातल्या बिस्किटासारखा असला तर ठीक.

आता त्या गाडीत सातचाच प्लग आहे, मूळ पद्धतीचा, गॅप 0.7. गेल्या रविवारी चिपळूणवरनं काजूची कलमं भरून आलो. हेळवाकला थांबून चहा घेतला, तोवर गाडीनं एकदाही झटका दिला नाही. कलमं बांधावर लावलीत, त्याचे फोटो उद्या टाकतो.