बाइकवरच्या मोबाइल चार्जरचा फ्यूज उडाला? नवीन कितीचा टाकायचा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या बाइकवरचा यूएसबी चार्जर ऐन रस्त्यात बंद पडला. सीट उघडून बघितलं, तर बॅटरीजवळच्या वायरमधला फ्यूज उडालेला. जवळच्या दुकानात म्हणाले, "तीनचा नाहीये, वीसचा टाका, परत उडायचं टेन्शन नाही." मीही टाकला. फ्यूज खरंच उडाला नाही. आठवड्याभराने सीटखालून जळका वास आला. चार्जरची वायर फ्रेमवर घासून सोलली होती आणि तिचं प्लास्टिक वितळून फ्रेमला चिकटलं होतं. इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन ही अक्कल!

फ्यूज मुळात वायर वाचवायला असतो, मोबाइल नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीला हात लावला तर शॉक बसत नाही, म्हणून आपण तिला किरकोळ समजतो. पण शॉर्ट सर्किट झालं की तीच बॅटरी शंभरएक अँपिअर करंट ढकलू शकते, आणि बारीक वायर लालबुंद व्हायला तेवढा पुरे.

मग आकडा कसा ठरवायचा? जुन्या फ्यूजवर किंवा चार्जरच्या माहितीपत्रकावर लिहिला असेल तर तोच घ्या, विषय संपला. नसेल तर साधा हिशोब आहे. माझा चार्जर १८ वॉटचा. १८ भागिले १२ म्हणजे १.५ अँपिअर. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून १.८ धरू. फ्यूजवर कायमचा भार त्याच्या क्षमतेच्या पाऊण पटीच्या आत ठेवतात. १.८ भागिले ०.७५ म्हणजे २.४. बाजारात मिळणारा पुढचा आकडा ३. आणि वायर या आकड्यापेक्षा जास्त करंट आरामात सोसणारी हवी.

इथे एक गंमत आहे. ३ अँपिअरचा फ्यूज ३.१ ला उडत नाही. ब्लेड फ्यूज दहा टक्के जादा भार तासन् तास सहन करतो. दुप्पट झाला की साधारण पाच सेकंदांच्या आत उडतो. आता माझ्या वीसच्या फ्यूजचा विचार करा: सोललेल्या वायरमधून १५ अँपिअर वाहत राहिले असते तरी तो ढिम्म हलला नसता.

ब्लेड फ्यूज रंगावरून ओळखता येतात: ३ चा जांभळा, ५ चा फिकट बदामी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. काचेचा असेल तर टोपीवर टी किंवा एफ अक्षर बघा. हे जर्मन शब्दांवरून आलंय, टी म्हणजे सुस्त, एफ म्हणजे चपळ. जुना ज्या अक्षराचा, नवा त्याच अक्षराचा. व्होल्टचा आकडा ही वरची मर्यादा असते, त्यामुळे २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज १२ व्होल्टवर चालतो. उलट मात्र नाही: ३२ व्होल्टचा ब्लेड फ्यूज घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर कधीच वापरू नका.

बदलताना चावी बंद ठेवा. नवा लगेच उडाला तर तिसरा टाकू नका, आधी वायर कुठे घासलीय ते शोधा. चॉकलेटची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे माझा वीसचा फ्यूजसुद्धा बरा म्हणायची वेळ.

मी वायर बदलली, वरून रबरी नळी घातली, आणि दोन जांभळे फ्यूज सीटखाली टेपने चिकटवून ठेवलेत.