एड्सची साथ व उद्योगसंस्था

एड्सची साथ व उद्योगसंस्था : एचआयव्ही या विषाणूमुळे उद्‌भवलेल्या जागतिक साथीच्या प्रतिबंधात व निवारणात खाणी, कारखाने, वाहतूक-व्यवसाय आणि औषधनिर्मिती कंपन्या यांनी केलेल्या कार्याचा इतिहास. हा विषाणू मुख्यत्वे लैंगिक संबंध, दूषित रक्त व सुया यांवाटे आणि बाधित मातेकडून अपत्यास संक्रामित होतो. त्याची झळ प्रामुख्याने कमावत्या वयातील स्त्रीपुरुषांना लागत असल्यामुळे ही साथ प्रथमपासूनच कामाच्या ठिकाणाशी निगडित राहिली. उद्योगसंस्थांच्या कार्याचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात : कामगाराला नोकरीची शाश्वती व उपचार पुरविणे, औषधांच्या किंमती सामान्यांच्या आवाक्यात आणणे आणि देणग्या वा प्रचार यांद्वारे साहाय्य करणे. यांपैकी पहिल्या दोहोंचा परिणाम तिसऱ्यापेक्षा पुष्कळच अधिक झाला. कारण नोकरी, मजुरांची राहणी व मालाची किंमत या गोष्टी प्रत्यक्ष उद्योगांच्याच हाती होत्या.

आरंभीचा काळ : अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने लॉस अँजेल्स येथील पाच तरुणांना झालेल्या असाधारण न्यूमोनियाची नोंद ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध केली. एड्सचा हा पहिला अधिकृत उल्लेख होय. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी १९८३ मध्ये रोगकारक विषाणू शोधून काढला. या काळात उद्योगक्षेत्राचा सर्वसाधारण प्रतिसाद भीतीचा होता. बाधित कर्मचाऱ्यांना कामावरून दूर करणे आणि विमा नाकारणे असे प्रकार अनेक देशांत घडले. सॅन फ्रॅन्सिस्कोतील लीव्हाय स्ट्राउस ही कापड-पोशाखाची कंपनी याला अपवाद ठरली. तेथील काही कर्मचाऱ्यांनी १९८२ मध्ये या नव्या रोगाविषयीची माहितीपत्रके कंपनीच्या आवारात वाटण्याचे ठरविले, तेव्हा वरिष्ठ अधिकारीही त्यांच्याबरोबर उभे राहिले. कामाच्या ठिकाणी एड्सविषयक शिक्षण देण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय.

नोकरीचे संरक्षण : चाचणीच्या निष्कर्षामुळे नोकरी जाणार असेल, तर कोणताही कामगार स्वखुशीने चाचणीस पुढे येत नाही; आणि चाचणीवाचून उपचार वा प्रतिबंध दोन्ही शक्य होत नाहीत. म्हणून नोकरीचे संरक्षण ही या साथीत केवळ न्यायाची नव्हे, तर आरोग्यरक्षणाचीही बाब ठरली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेला एक निर्णय या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका सार्वजनिक उपक्रमात रोजंदारीवर असलेल्या मजुराला, वैद्यकीय तपासणीत तो बाधित आढळल्यामुळे, कामापासून वंचित करण्यात आले होते. काम करण्यास समर्थ असलेल्या व इतरांना धोका नसलेल्या व्यक्तीस केवळ विषाणुबाधेच्या कारणावरून रोजगार नाकारता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. आपले नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची मुभाही त्यास देण्यात आली. द. आफ्रिकेत १९९८ च्या रोजगार समानता अधिनियमाने श्रम न्यायालयाच्या अनुमतीवाचून कर्मचाऱ्यांची एचआयव्ही-चाचणी करण्यास मनाई केली. तेथील राष्ट्रीय विमानकंपनीने एका उमेदवारास याच कारणावरून नाकारलेली नोकरी सांविधानिक न्यायालयाने २००० मध्ये त्यास मिळवून दिली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००१ मध्ये आचारसंहिता आणि २०१० मध्ये स्वतंत्र शिफारस स्वीकारली. भारतात २०१७ चा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्यानुसार रोजगारातील भेदभावास बंदी असून शंभर वा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनांत तक्रार-अधिकारी नेमणे आवश्यक आहे.

खाणउद्योग व स्थलांतरित मजूर : उद्योगाची कार्यपद्धतीच साथीस कशी पोषक ठरते, याचे ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील खाणींत आढळते. विटवॉटर्सरँड येथे १८८६ मध्ये सोने सापडल्यानंतर खोल खाणींसाठी लक्षावधी मजुरांची गरज निर्माण झाली. लेसोथो, मोझँबीक, मलावी, ट्रान्सकाय इ. प्रदेशांतून पुरुषांची ठराविक मुदतीच्या करारावर भरती होई. त्यांना खाणीच्या आवारातील केवळ पुरुषांसाठी असलेल्या वसतिगृहांत ठेवले जाई. बायकामुले गावीच राहत. अशा व्यवस्थेत वसतिगृहांभोवती वेश्याव्यवसाय वाढणे आणि सुटीवर परतणाऱ्या मजुराबरोबर रोग खेड्यात पोहोचणे हे क्रमप्राप्तच होते. सिडनी कार्क या वैद्याने १९४९ मध्येच, ग्रामीण भागातील उपदंशाचा प्रसार व स्थलांतरित मजुरी यांचा निकटचा संबंध दाखवून दिला होता. एचआयव्ही त्याच वाटेने पसरला. खाणींतील सिलिकायुक्त धुळीमुळे जडणारे फुप्फुसाचे विकार व क्षय यांची त्यात भर पडल्याने मृत्यूचे प्रमाण आणखी वाढले.

खाणमालकांनी प्रथम रोगी वगळण्याचा मार्ग पत्करला. १९८०–९० या दशकाच्या उत्तरार्धात मलावी येथील मजुरांत बाधा आढळल्यावर त्या देशातील भरतीच बंद पडली. तथापि खाणींच्या परिसरात विषाणू तोवर रुजला होता. बोट्‌स्वानातील सरकार व द बीअर्स यांच्या समान भागीदारीतील डेब्स्वाना या हिरेकंपनीने १९९९ मध्ये केलेल्या पाहणीत २८·८ टक्के कामगार बाधित आढळले. कुशल यंत्रचालक व तंत्रज्ञ यांच्या जागी नवी माणसे तयार करणे सोपे नव्हते. अखेर २००१ मध्ये कंपनीने कामगार व त्याचा एक वैवाहिक जोडीदार यांच्या विषाणुरोधक उपचारांचा ९० टक्के खर्च उचलण्याचे ठरविले. बोट्‌स्वाना सरकारची सार्वत्रिक उपचारयोजना त्यानंतर जानेवारी २००२ मध्ये सुरू झाली. तीत मर्क ही औषधकंपनी व गेट्स प्रतिष्ठान यांचा मोठा वाटा होता. अँग्लो अमेरिकन या खाणसमूहाने ऑगस्ट २००२ मध्ये आपल्या दक्षिण आफ्रिकी प्रदेशातील कर्मचाऱ्यांना मोफत उपचार देण्याचे जाहीर केले. द. आफ्रिकेचे शासन त्या वेळी सार्वजनिक रुग्णालयांतून अशी औषधे देण्यास राजी नव्हते. त्याने तसा निर्णय ऑगस्ट २००३ मध्ये घेतला. ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या रुग्णांच्या चळवळीचे आणि कामगार संघटनांचे दडपण या दोन्ही निर्णयांमागे होते.

उपचारांमागील हिशेब साधा होता. गैरहजेरी, मृत्यूनंतरची देणी व नव्या माणसाचे प्रशिक्षण यांपेक्षा औषधांचा खर्च कमी पडत होता. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजूही होती. ज्या अकुशल मजुराची जागा सहज भरता येई, त्याच्या उपचारांत कंपनीस लाभ दिसत नसे. काही उद्योगांनी आरोग्यसवलती कमी केल्या, तर काहींनी कामे कंत्राटदारांकडे सोपविली. त्यामुळे रोगाचा भार कंपनीच्या जमाखर्चातून निघून कुटुंबावर व सरकारी रुग्णालयांवर पडला. अँग्लो अमेरिकनची सोयही सुरुवातीस कर्मचाऱ्यापुरतीच होती. गावाकडील पत्नी तिच्याबाहेर राहिली. नियमित उपचारांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण घटून जोडीदारास होणारे संक्रामण जवळजवळ थांबते, हे २०११ मध्ये एका व्यापक चाचणीने सिद्ध झाले. या शोधाने कुटुंबास वगळणारी योजना साथीच्या दृष्टीनेही अपुरी असल्याचे स्पष्ट झाले.

औषधांच्या किंमती : झिडोव्हुडीन (एझेडटी) या पहिल्या औषधास अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये मान्यता मिळाली. बरोज वेलकम कंपनीने त्याची किंमत इतकी चढी ठेवली की, सप्टेंबर १९८९ मध्ये रुग्णांच्या चळवळीने न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात निदर्शने केली. त्यानंतर ती २० टक्क्यांनी उतरविण्यात आली. तीन औषधांची संयुक्त योजना १९९६ पासून प्रचारात येऊन श्रीमंत देशांतील मृत्यू झपाट्याने घटले. पण तिचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता. स्वस्त औषधे आयात करता यावीत म्हणून द. आफ्रिकेने १९९७ मध्ये कायदा केला, तेव्हा बहुराष्ट्रीय औषधकंपन्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जगभर टीका झाल्यावर ३९ कंपन्यांनी एप्रिल २००१ मध्ये हा दावा मागे घेतला.

या कोंडीतून वाट काढण्यात मुंबईच्या उद्योगाचा वाटा मोठा आहे. भारताच्या १९७० च्या एकस्व (पेटंट) अधिनियमानुसार औषधाच्या केवळ निर्मितिप्रक्रियेवर एकस्व मिळत असे, प्रत्यक्ष औषधावर नव्हे. त्यामुळे वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनविणे येथे कायदेशीर होते. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने ही संधी साधली. त्यांचे पुत्र युसुफ हमीद यांनी सप्टेंबर २००० मध्ये ब्रुसेल्स येथील परिषदेत स्वस्त दराने औषधे पुरविण्याची तयारी दर्शविली. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संघटनेस प्रतिरुग्ण ३५० डॉलर, म्हणजे दिवसास एका डॉलरहूनही कमी, असा वार्षिक दर देऊ केला. शिवाय स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन व नेव्हिरापीन यांची एकच गोळी तयार करण्यात आली. मूळ देशांत या औषधांची एकस्वे निरनिराळ्या कंपन्यांकडे असल्याने तेथे असे संयोजन अवघड होते. दिवसातून दोनदा एक गोळी घेण्याची ही पद्धत दुर्गम भागांतील दवाखान्यांनाही पेलणारी ठरली. पुढे सिप्ला, रॅनबॅक्सी, मॅट्रिक्स व द. आफ्रिकेतील अ‍ॅस्पेन या कंपन्यांशी क्लिंटन प्रतिष्ठानाने २००३ मध्ये केलेल्या करारांनी वार्षिक दर सु. १४० डॉलरांवर आला. जागतिक निधी (२००२) व अमेरिकी शासनाची मदतयोजना (२००३) यांनी खरेदीसाठी पैसा उभा केला नसता, तर केवळ किंमत उतरून भागले नसते, हेही तितकेच खरे.

भारताने २००५ मध्ये औषधांवरील एकस्वे मान्य केली. त्यानंतरच्या नव्या औषधांसाठी २०१० मध्ये स्थापन झालेल्या औषध-एकस्व संचयामार्फत स्वेच्छा-परवान्यांचा मार्ग खुला झाला. डोल्युटेग्रॅव्हीरयुक्त गोळीचा वार्षिक दर २०१७ च्या करारानुसार सु. ७५ डॉलर ठरला. लेनाकॅपॅव्हीर या वर्षातून दोनदा टोचावयाच्या प्रतिबंधक औषधास अमेरिकेत जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली. मूळ कंपनीच्या परवान्याने डॉ. रेड्डीज व हेटेरो या भारतीय कंपन्या २०२७ पासून ते अनेक निम्न व मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षास सु. ४० डॉलर दराने देतील, असे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

अन्य कार्य व मर्यादा : उद्योगसंस्थांच्या संघटित प्रयत्नासाठी १९९७ मध्ये जागतिक व्यापारी परिषद स्थापन झाली. भारतात अपोलो टायर्ससारख्या कंपन्यांनी ट्रकचालकांच्या थांब्यांवर दवाखाने चालविले. महिनोन्‌महिने घराबाहेर राहणाऱ्या या वर्गापर्यंत नेहमीची रुग्णालये पोहोचत नसल्याने अशा दवाखान्यांचे महत्त्व विशेष आहे. विक्रीतील काही हिस्सा जागतिक निधीस देणारी ‘रेड’ ही व्यापारी योजना २००६ मध्ये सुरू झाली. अशा उपक्रमांनी निधीत भर पडली, परंतु त्यांचे सातत्य बाजाराच्या स्थितीवर अवलंबून राहिले.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात ४·०८ कोटी लोक या विषाणूसह जगत होते व त्यांपैकी ३·१६ कोटी उपचार घेत होते. त्या वर्षी १३ लक्ष नवी संक्रामणे व ६·३ लक्ष मृत्यू झाले. साथ २०३० पर्यंत संपुष्टात आणण्याचे उद्दिष्ट असताना जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी स्थगित केल्याने अनेक देशांतील सेवा विस्कळीत झाल्या. अशा वेळी उद्योगांवरील जबाबदारी वाढते. गेल्या चार दशकांच्या अनुभवावरून तिचे स्वरूप पुरेसे स्पष्ट झाले आहे : चाचणीचा निष्कर्ष गुप्त राखणे, नोकरी अबाधित ठेवणे, मजुरास कुटुंबासह राहता येईल अशी व्यवस्था करणे आणि उपचारांची सोय पत्नी, मुले व कंत्राटी कामगार यांपर्यंत नेणे. उद्योगांच्या आरोग्ययोजनांतून हा शेवटचा वर्गच बहुधा वगळला गेला आहे.