नोंदवहीतली घराणी : बेळगाव परिसरातील इंग्रज वंशाचा मागोवा

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडील खेड्यांत सुगी आटोपली की हेळवी येत असे. बैलावर बसलेला, पाय कापडात गुंडाळलेले, जवळ घराण्यांच्या वंशावळींची वही. दारात येऊन तो त्या घराच्या मूळ पुरुषापासून पिढ्या म्हणून दाखवी, मधल्या काळात जन्मलेल्या मुलांची नावे वहीत चढवी आणि धान्य किंवा वस्त्र घेऊन पुढच्या घराकडे वळे. काही गावांत हा शिरस्ता आजही टिकून आहे. मराठी असो वा कानडी, या सीमाभागातील शेतकऱ्याला आपले कूळ कोठून आले हे सांगणारा माणूस असा दारी येत होता. वाचनालयांच्या कपाटांतून ओळीने लावलेले कुलवृत्तांत ही त्याच जिज्ञासेची छापील आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

याच मुलखात आलेल्या इंग्रजांचा हेळवी म्हणजे पाद्री, आणि त्याची वही म्हणजे चर्चची नोंदवही.

जनरल टॉमस मन्रो याने एकवीस दिवसांच्या वेढ्यानंतर १० एप्रिल १८१८ रोजी बेळगावचा किल्ला घेतला. त्यानंतर येथे छावणी वसली आणि छावणीबरोबर बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या नोंदी सुरू झाल्या. अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात इंग्रज जमीन कसण्यास गेला, तसा तो येथे आला नाही. १८३३ च्या सनदी कायद्यापर्यंत कंपनीच्या परवान्यावाचून कोणाही युरोपीयाला हिंदुस्थानात राहता येत नसे. म्हणून बेळगावच्या इंग्रज घराण्याचा मूळ पुरुष शोधू गेल्यास तो बहुधा शिपाई, अंमलदार किंवा मिशनरी निघतो. जमीनजुमल्याचा दस्तऐवज त्याच्या मागे नसतो. कोणत्या पलटणीत होता, मुलाला कोणी बाप्तिस्मा दिला आणि कोणत्या दिवशी पुरले, एवढीच त्याची बखर.

या नोंदींच्या प्रती इलाख्याच्या राजधानीकडे व तेथून लंडनला जात. इंडिया ऑफिसचे ते दप्तर आता ब्रिटिश लायब्ररीत असून मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांचे खंड त्यात वेगवेगळे ठेवले आहेत. बेळगावच्या शोधकाला येथेच पहिली ठेच लागते. किल्ला घेणारा मन्रो मद्रासचा, पुढे बेळगाव मुंबई इलाख्यात. शिवाय १८३६ पर्यंत बेळगाव हा स्वतंत्र जिल्हाच नव्हता, तो धारवाडचा भाग होता. सबब एकाच माणसाचा विवाह एका खंडात व दफन दुसऱ्याच खंडात सापडण्याचा संभव असतो. १९७६ मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या एका संस्थेने दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींच्या शिलालेखांची टिपणे करण्याचे काम हाती घेतले, आणि १९९८ पासून दुसरी एक संस्था अशा नोंदींच्या सूची सिद्ध करीत आहे. त्यामुळे ज्या शोधासाठी पूर्वी लंडन गाठावे लागे, त्याचा बराचसा भाग आता घरबसल्या होतो.

ज्यांचा वंश विनासायास सापडतो, अशांपैकी टेलर हे एक घराणे. लंडन मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड जोसेफ टेलर हे बल्लारीहून १८२० साली बेळगावास आले व त्यांनी येथील मिशनचा पाया घातला. त्याच वर्षी बल्लारीस जन्मलेला त्यांचा पुत्र जोसेफ व्हॅन सोमरेन टेलर गुजरातेत मिशनरी झाला. गुजराती भाषेचा व्याकरणकार म्हणून त्याचे नाव तिकडे आजही आदराने घेतले जाते. नातू जॉर्ज टेलर याने अहमदाबादेत राहून गुजरातच्या सुलतानांच्या नाण्यांचा अभ्यास केला. आजोबा बेळगावात, मुलगा व नातू गुजरातेत : तीन पिढ्या या देशात रुजल्या आणि प्रत्येक पिढी कागदावर आहे. मिशनरी लिहिणारे लोक असल्याने त्यांची वंशावळ सुरक्षित राहते. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

मात्र या परिसराच्या इतिहासात ज्या इंग्रज घराण्याने सर्वांत खोल खूण उमटवली, त्याची कथा इतकी सरळ नाही. धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे याचे नाव कित्तूरमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे शिवलिंगरुद्र सर्जा वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतल्याचे संस्थानाचे म्हणणे होते, थॅकरेने ते मानले नाही. दत्तक खरा की खोटा, वारस कायदेशीर की बनावट, असा हा वाद. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी त्याची परिणती लढाईत झाली आणि कित्तूरच्या दारात थॅकरे मारला गेला. त्याचे स्मारक धारवाडास आहे. डिसेंबरात कित्तूर पडले. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये निवर्तल्या. पुढे १८३९ साली निपाणीचे देसाई सिद्धोजीराव निंबाळकर औरस पुत्रावाचून गेले, तेव्हा ती जहागीरही कंपनीने खालसा केली. दुसऱ्याच्या घरातील वंशाचा निवाडा करणे हा त्या काळच्या कलेक्टरचा नित्याचा व्यवहार झाला होता.

आता त्याच थॅकरेच्या घरात पाहावे. सेंट जॉनचा भाऊ रिचमंड थॅकरे हा बंगालमध्ये कंपनीचा बडा अधिकारी. पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून विख्यात झालेला विल्यम मेकपीस थॅकरे हा त्याचा पुत्र, जन्म कलकत्ता, १८११. विवाहापूर्वी रिचमंडला शार्लट सोफिया रड या स्त्रीपासून सारा नावाची मुलगी झाली होती. शार्लट युरेशियन असावी असे चरित्रकार मानतात. १८१५ मध्ये रिचमंड वारला. त्याच्या मृत्युपत्रात या मायलेकींसाठी तरतूद केलेली आढळते. त्या एका कागदामुळे कादंबरीकाराची ही सावत्र बहीण इतिहासाला ज्ञात झाली. तिचे आडनाव मात्र थॅकरे नव्हते, रेडफील्ड होते. कित्तूरच्या दत्तकाची कागदपत्रे तपासणाऱ्या काकाची ही पुतणी, वडिलांच्या आडनावाशिवाय वाढली. ही जोडी नियतीने मुद्दाम जुळवली की काय, असे वाटल्यावाचून राहत नाही.

सारेचे निदान नाव उरले. अशा बहुसंख्य मुलांच्या आयांचे तेही उरले नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव, हुद्दा आणि पलटण लिहिलेली असते, आईच्या रकान्यात अनेकदा ‘एक नेटिव्ह स्त्री’ एवढेच. ती मराठी बोलत होती की कानडी, कोणत्या गावची, कोणत्या जातीची, याचा पत्ता लागत नाही. या मौनाला सरकारी धोरणाचेही पाठबळ होते. १६८७ साली मद्रासला धाडलेल्या पत्रात कंपनीचे संचालक गोऱ्या शिपायांच्या देशी स्त्रियांशी होणाऱ्या विवाहांना उत्तेजन देत होते, बाप्तिस्मा झालेल्या मुलामागे एक होन देऊ करीत होते. १७९१ पर्यंत वारे फिरले. ज्याच्या आईबापांपैकी एक हिंदी असेल, त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी सेवेत करारबद्ध नेमणूक मिळू नये असे ठरले. १७९५ मध्ये सैन्यातील त्याची जागा बाजेवाला, ढोलवाला, नालबंद एवढ्यापुरती उरली. स्कॉटिश बाप व रजपूत आई यांचा मुलगा जेम्स स्किनर त्याच सुमारास शिंद्यांच्या पलटणीत दाखल झाला, याचे कारण हेच. आईचे नाव लपवण्यात मुलाचे हित असेल, तर ते नोंदवहीत कोण लिहील ?

येथे आपण फार उंच मान करून बोलू नये हे बरे. हेळव्याच्या वहीतही पिढी मोजली जाते ती पुरुषाकडून, आणि कुलवृत्तांतांत लग्न होऊन गेलेली लेक बहुधा एका ओळीत संपते. स्वतंत्र भारताच्या संविधानानेही अँग्लो-इंडियनाची व्याख्या करताना बाप किंवा पुरुषपरंपरेतील कोणी पूर्वज युरोपीय असला पाहिजे, असेच म्हटले. त्या समाजासाठी लोकसभेत दोन सभासद नेमण्याची जी तरतूद होती, ती जानेवारी २०२० मध्ये संपली, व्याख्या मात्र कायम आहे.

आडनावावरून वंश ताडण्याचा मोह शोधकाने टाळावा. सीमाभागातील ख्रिस्ती कुटुंबांत इंग्रजी नाव आढळले म्हणजे पूर्वज इंग्रज, असे नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनऱ्याचे नाव घेण्याची चाल होती, आणि गोव्याकडून आलेल्या घराण्यांची पोर्तुगीज आडनावेही त्याच वाटेने आलेली आहेत. उलट आईच्या माहेरी वाढलेल्या मुलाचे इंग्रज नाव एका पिढीत पुसले जाणे अगदी शक्य होते. अलीकडे परदेशस्थ वंशज रक्ताची नव्हे, तर लाळेची परीक्षा करवून घेतात. पेशीतील काही गुणद्रव्य केवळ आईकडूनच उतरत असल्याने, पणजीची पणजी हिंदी होती हे काही घराण्यांना अशा परीक्षेतूनच प्रथम कळले. अशी मंडळी मग बेळगावच्या नोंदीची प्रत घेऊन छावणीतील दफनभूमी शोधू लागतात. तेथे त्यांना पूर्वजाची शिळा सापडू शकते. पूर्वजेची शिळा बहुधा कधी घडवलीच गेली नव्हती.