चुन्दाचे अन्न : सूकरमद्दव आणि अळंबी

मीरा-भाईंदरच्या बाजारात मिळणारी धिंगरी अळंबी भाताच्या ओल्या पेंढ्यावर वाढते. तीत प्रथिने व ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे असून स्निग्धांश अत्यल्प असतो. उन्हात ठेवल्यास ‘ड’ जीवनसत्त्वही तयार होते. बौद्ध इतिहासातील एका जुन्या वादाशीही अळंबीचा संबंध आहे.

महापरिनिब्बानसुत्तानुसार पावा येथील चुन्द कम्मारपुत्ताने तथागतांना ‘सूकरमद्दव’ वाढले. त्यानंतर त्यांना रक्तातिसार झाला. हा पदार्थ कोणता? आचार्य बुद्धघोषांनी डुकराचे मांस असा अर्थ दिला. धम्मपालांनी उदान-अट्ठकथेत या अर्थासोबत अन्य मतेही नोंदविली : डुकरांनी तुडविलेले बांबूचे कोंब, तुडविलेल्या जागी उगवलेली अळंबी, किंवा एखादे रसायन. इ.स. ४१३ मध्ये चिनीत अनुवादित झालेल्या दीर्घागमात चंदनवृक्षावरील अळंबीचा उल्लेख येतो. आधुनिक काळात गॉर्डन वॉसन यांनी १९८२ साली अळंबीचा पक्ष मांडला. मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथात, तथागत सूकरमांस घेत असत, हे मत निर्भीडपणे प्रतिपादिले आणि त्यावरून मोठे वादंग माजले.

अन्नावरून माणसाची उच्चनीचता ठरविणाऱ्या देशात असा वाद पेटणे स्वाभाविकच होते. परंतु त्यात सुत्ताचा मूळ आशय झाकला गेला. तथागत त्यापूर्वीच वर्षावासात बेलुव गावी गंभीर आजारी पडले होते. म्हणून सर्व दोष त्या भोजनावर ठेवणे योग्य नव्हे. तथागतांनी उरलेले सूकरमद्दव खड्ड्यात पुरावयास सांगितले. इतरांना ते वाढू दिले नाही. पुढे त्यांनी आनंदाला बजावले की, चुन्दाच्या मनात पश्चात्ताप उत्पन्न होऊ देऊ नये. संबोधीपूर्वीचे आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजनदान समान फलदायी असून अन्य दानांहून श्रेष्ठ आहे, असे त्यांनी सांगितले.

भट्टीपाशी राबणाऱ्या एका कारागिराला लोकनिंदेपासून वाचविण्याची चिंता तथागतांनी मरणासन्न अवस्थेत वाहिली. ताटात मांस होते की अळंबी, हा प्रश्न विद्वानांत अनिर्णीत राहिला तरी चालेल. दात्याला दोष देऊ नये, याविषयी मात्र सुत्तात कोणतीही संदिग्धता नाही. उपासकांनी चुन्दाचे स्मरण करावे, ते याच अर्थाने.